'मराठवाड्याचं काश्मीर' व्हायरल होतं, पण गारपिटीची नोंद कुठे होते?

फेब्रुवारी उजाडला की मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास फिरायला लागतो. शेतात पांढरी चादर पसरलेली, पत्र्यावर गारांचा ताडताड आवाज आणि खाली कॅप्शन: 'हे काश्मीर नाही, हे आपलं गाव आहे.' तासाभरात तोच व्हिडिओ चार तालुक्यांच्या नावाने फिरतो. कुणी म्हणतं हदगावचा आहे, कुणी म्हणतं कळमनुरीचा, कुणी म्हणतं हा तर २०१४ चाच आहे.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि शेतातल्या गारा वितळून गेलेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पंचनाम्यासाठी माणूस येतो तेव्हा आडवा झालेला गहू दिसतो, पण गार दिसत नाही. ती किती वाजता पडली, केवढी होती, किती मिनिटं पडली, नेमक्या कोणत्या शिवारांतून गेली, याची लेखी नोंद बहुतेक वेळा कुठेच नसते.

एकीकडे मोबाईलवर वादळाचा मिनिटामिनिटाला माग काढणाऱ्या हवामानवेड्यांची संख्या वाढतेय. दुसरीकडे गारपिटीची विश्वासार्ह नोंद मात्र तुटपुंजीच आहे. असं का होतं आणि हदगावसारख्या तालुक्याला त्याचा फटका कसा बसतो, ते समजून घ्यायला हवं.

आधी, हे हवामानवेडे कोण?

प्रत्येक गावात आता एक तरी जण असा असतो, ज्याच्या मोबाईलमध्ये 'विंडी' अ‍ॅप उघडंच असतं. आभाळ भरून आलं की लोक त्याला फोन करतात. तो उपग्रहाची चित्रं बघतो, वेगवेगळी मॉडेल्स ताडून पाहतो आणि 'चारनंतर येईल बहुतेक' असं सांगतो.

हा छंद नवा नाही. मुंबईत राजेश कापडिया यांचा 'व्हेगरीज ऑफ द वेदर' हा ब्लॉग हवामानाची आवड असणारे बरीच वर्षं वाचत आलेत. चेन्नईचे प्रदीप जॉन 'तमिळनाडू वेदरमॅन' म्हणून देशभर ओळखले जातात. पुणे वेधशाळेत काम केलेले शास्त्रज्ञ के. एस. होसाळीकर यांच्या ट्विटची वाट पाहणारा मोठा वर्ग महाराष्ट्रात तयार झाला. परभणी जिल्ह्यातल्या पंजाबराव डख यांचे अंदाज तर व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूबवरून गावागावांत पोचले. ही लोकप्रियता एवढी वाढली, की २०२४ ची लोकसभा निवडणूक त्यांनी परभणीतून वंचित बहुजन आघाडीच्या तिकिटावर लढवली.

या सगळ्यांची पद्धत, अभ्यास आणि अचूकता वेगवेगळी आहे. पण लोकांना या सगळ्यांकडून हवं असतं ते एकच, पुढे काय होणार याचा अंदाज. अंदाज सांगणाऱ्यांची गर्दी झाली आहे आणि जे घडलं ते नीट टिपून ठेवणारे फार कमी आहेत.

काश्मीरच्या बर्फाचा हदगावच्या गारांशी काय संबंध?

कॅप्शनमधलं 'काश्मीर' गंमत म्हणून लिहिलेलं असलं, तरी हवामानाच्या दृष्टीने ते अगदीच चुकीचं नाही.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने वाऱ्यांच्या लाटा पूर्वेकडे सरकतात. त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. गुलमर्ग, मनालीत बर्फवृष्टी होते ती यांच्यामुळेच. एरवी त्यांचा प्रभाव उत्तर भारतापुरता राहतो. पण कधीकधी वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांचा हा खळगा दक्षिणेकडे खोलवर उतरतो आणि महाराष्ट्रावर कोरडी, थंड हवा येते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन आग्नेयेचे वारे आत शिरतात. ही दोन्ही हवा विदर्भ-मराठवाड्यावर भेटते आणि दुपारच्या उन्हाने तापलेली जमीन खालून ढकलते. ढग उभा वाढायला लागतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे जमिनीपासून साधारण चार-साडेचार किलोमीटरवर तापमान शून्याखाली जातं. ढग त्याच्याही कितीतरी वर गेला की आतले पाण्याचे थेंब गोठतात. वर जाणारा वारा त्यांना खाली पडू देत नाही, बर्फावर बर्फ चढत जातो. वजन वाऱ्याला पेलेनासं झालं की गार खाली येते.

म्हणून जाणकार हवामानवेडा हदगावच्या आभाळाकडे बघण्याआधी काश्मीर-हिमाचलकडे बघतो. तिकडे बर्फाचं वादळ आलं म्हणजे इकडे गारा पडतीलच असं अजिबात नाही. पण इकडे हिवाळ्यात गारा पडतात तेव्हा त्यामागे बऱ्याचदा तिकडचीच लाट असते.

वादळाचा माग काढतात तरी कसा?

समजा, फेब्रुवारीच्या एखाद्या आठवड्यात अशी परिस्थिती तयार होते आहे. मोबाईलवर ती टप्प्याटप्प्याने उलगडत जाते.

पाच दिवस आधी मॉडेल्स खुणावायला लागतात. 'विंडी'वर दिसणारं युरोपियन मॉडेल साधारण ९ किलोमीटरच्या चौकटींमध्ये जगाचा हिशोब करतं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेत तयार झालेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ६ किलोमीटरच्या चौकटीत काम करते. पण गारांचा पट्टा अनेकदा एवढा अरुंद असतो, की एका गावाचं शिवार झोडपलं जातं आणि शेजारच्या गावात चार थेंबही पडत नाहीत. पाच दिवस आधी 'मराठवाड्यात गारपिटीला पोषक वातावरण' एवढं सांगता येतं. 'मंगळवारी तामशात गारा पडणार' असं जो सांगतो, तो अंदाज देत नसतो, पैज लावत असतो.

एक-दोन दिवस आधी हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा येतो. हिरवा, पिवळा, नारंगी, लाल. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, शेतकऱ्यांसाठी सल्ला निघतो. काढलेला हरभरा झाका, शिजवून वाळत घातलेली हळद गोळा करा, असा हा सल्ला असतो आणि तो खरोखर उपयोगाचा असतो.

त्या दिवशी दुपारी इन्सॅट उपग्रहाची चित्रं महत्त्वाची ठरतात. आधी फुलकोबीसारखे दिसणारे ढग, मग त्यांचा पांढराशुभ्र, थंड माथा. 'दामिनी' अ‍ॅप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं. विजांची संख्या एकदम वाढली तर ढग जोर धरतोय असं समजायचं. हवामान विभाग पुढच्या तीन तासांसाठी 'नाऊकास्ट' इशाराही देतो.

शेवटचा अर्धा तास मात्र रडारचा असतो, कारण ढगाच्या पोटात काय चाललंय ते रडारच बघू शकतं. आणि नेमकी तिथेच हदगावची अडचण सुरू होते.

तीन कळसूबाईंच्या वरून जाणारा किरण

हदगाव तालुका नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नांदेड-नागपूर रस्त्यावर आहे. नकाशा काढून बघितलं तर नागपूरचं रडार सरळ रेषेत साधारण २३० किलोमीटरवर आणि हैदराबादचं साधारण २५० किलोमीटरवर येतं. म्हणजे हदगाव दोन्ही रडारच्या मधोमध, दोन्हींपासून लांब.

यात काय बिघडलं, असं वाटेल. रडारचा सगळ्यात खालचा किरण जमिनीला अगदी समांतर जात नाही, साधारण अर्धा अंश वर रोखलेला असतो. त्यात पृथ्वी गोल आहे, त्यामुळे लांब जाईल तशी जमीन किरणाखालून खाली खाली जाते. हिशोब केला तर हदगाववर पोचेपर्यंत तो किरण जमिनीपासून पाच किलोमीटरहून अधिक उंच गेलेला असतो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी किरण त्यांच्या वरून जाईल. शिवाय एवढ्या अंतरावर तो पसरून सुमारे चार किलोमीटर रुंद झालेला असतो.

आता शून्य तापमानाची उंची आठवा, चार-साडेचार किलोमीटर. हदगाववरून जाणारा किरणाचा मध्य त्याच्याही वर आहे. म्हणजे गार जिथे तयार होते तो ढगाचा वरचा भाग रडारला दिसतो. पण तिथून खाली येताना ती वितळून साधा पाऊस झाली, की लिंबाएवढीच्या लिंबाएवढी जमिनीवर आदळली, हे दिसत नाही. थोडक्यात, गार बनताना दिसते, पडताना दिसत नाही.

यात आणखी एक गुंता आहे. हदगाव मराठवाड्यात, म्हणून त्याचा अंदाज मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून येतो. पैनगंगा ओलांडली की उमरखेड लागतं. ते विदर्भात, त्याचा अंदाज नागपूरहून. थोडं पूर्वेला गेलं की तेलंगणा, तिथला अंदाज हैदराबादहून. ही केंद्रं एकमेकांच्या संपर्कात असतात, पण गावातल्या माणसाला नदीच्या दोन काठांसाठी दोन वेगळी पत्रकं शोधावी लागतात. ढगाला ही हद्द माहीत नसते. हिवाळ्यात तो बऱ्याचदा कळमनुरीच्या बाजूने येतो आणि पैनगंगेवरून पुढे निघून जातो.

पाऊस मोजतात, गार कोण मोजतं?

'महावेध' प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. तापमान, पाऊस, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद तिथे होते. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी झाल्याचं मानतात. आकडा यंत्राने दिलेला असतो, त्यामुळे वाद कमी होतो.

गारेचं तसं नाही. ही केंद्रं गारेचा आकार मोजत नाहीत. गारांसोबत पाऊस कमी झाला तर मंडळाच्या आकड्यात दहा-बारा मिलिमीटर एवढंच दिसेल. कागदावर तो मामुली पाऊस, शिवारात मात्र सगळं भुईसपाट. म्हणजे गारपिटीचा साक्षीदार यंत्र नसून माणूस आहे. आणि त्याने टिपलेला पुरावा तासाभरात वितळणारा आहे.

मग नोंद नसली तर बिघडतं काय?

२०१४ ची गारपीट आठवून बघा. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झालेला तो प्रकार मार्चच्या मध्यापर्यंत थांबून थांबून चालला होता. राज्यातल्या २८ जिल्ह्यांना फटका बसला. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षं, डाळिंब, केळी, काहीच सुटलं नाही. माणसं गेली, जनावरं गेली, पक्षी झाडाखाली मरून पडले. योगायोग म्हणजे त्याच महिन्यात फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतल्याची घोषणा केली होती. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत स्मार्टफोन आतासारखे पोचलेले नव्हते. तेव्हा कुठे, किती वाजता, केवढ्या गारा पडल्या याचा गावनिहाय तपशील आज मिळवायचा तर वर्तमानपत्रांची कात्रणं आणि पंचनामे चाळावे लागतात.

त्या वेळी मदतीसाठी किमान ५० टक्के नुकसानीची अट होती. २०१५ मध्ये ती ३३ टक्क्यांवर आली. ३३ टक्के ठरवायचे कुणी? तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनामा करतात. एकाच दिवशी शेकडो शेतं बघायची असतात. गारांचा पट्टा कुठून कुठे गेला याची लगोलग केलेली नोंद हातात असेल, तर आधी कुठे जायचं हे ठरतं आणि कुणाचं शेत सुटण्याची शक्यता कमी होते.

पीक विम्याचं गणितही बदललंय. आधी गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीत ७२ तासांच्या आत कळवलं की वैयक्तिक पंचनामा होऊन भरपाईचा मार्ग होता. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयात विमा बंद केला, स्थानिक आपत्तीसारखी अतिरिक्त संरक्षणंही काढली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या सरासरी उत्पादनावर आणली. आता मंडळातल्या चार गावांत गारा पडल्या आणि बाकीच्या गावांत पीक चांगलं आलं, तर सरासरीत त्या चार गावांचं नुकसान बुडून जाऊ शकतं. अशा शेतकऱ्यासाठी सरकारी मदतीचा पंचनामा हाच मोठा आधार उरतो. केळीसारख्या फळपिकांच्या हवामान आधारित विम्यात गारपिटीचं वेगळं संरक्षण घेता येतं. पण तिथेही वेळेत कळवणं आणि संयुक्त पंचनामा होणं या गोष्टी आल्याच.

म्हणजे नोंद हा नुसता छंदाचा भाग राहत नाही. ती थेट पैशाची गोष्ट होते.

अमेरिकेत फॉइल लावलेला फोमचा तुकडा काय करतो?

अमेरिकेतही हवामानवेड्यांची कमी नाही. बर्फाचं वादळ येणार म्हटलं की लोक रात्रभर जागून रडार बघतात, अंगणात पट्टी रोवून किती इंच साचलं ते मोजतात. फरक एवढाच, की तिथल्या यंत्रणेने या वेडाला काम दिलंय.

१९९७ च्या जुलैमध्ये कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहरात पूर आला. शहराच्या एका बाजूला पाऊस कोसळत होता आणि काही किलोमीटरवर तो कितीतरी कमी होता. मोजक्या केंद्रांवरून हा फरक कळणं शक्य नव्हतं. त्यातून १९९८ मध्ये 'कोकोराझ' नावाचं स्वयंसेवकांचं जाळं सुरू झालं. सामान्य माणसं घरच्या अंगणात पाऊस, बर्फ आणि गारा मोजून रोज कळवतात. गारांसाठी त्यांच्याकडे एक साधी युक्ती आहे. फोमचा साधारण फूटभर चौरस तुकडा अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून बाहेर ठेवायचा. गार पडली की फॉइलवर खळगा उमटतो. गार वितळते, खळगा राहतो. त्यावरून आकार आणि संख्या नंतरही मोजता येते.

तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेचा 'स्कायवॉर्न' उपक्रम लोकांना प्रशिक्षण देतो. ढग कसा ओळखायचा, काय कळवायचं, कसं कळवायचं हे शिकवतो. रडारला खालचं दिसत नाही, ही अडचण त्यांचीही आहे. म्हणूनच खाली उभा असलेला माणूस त्यांना हवा असतो.

आपल्याकडे काय होऊ शकतं?

अगदीच काही नाही असं नाही. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर लोकांनी आपल्या भागातलं हवामान कळवण्याची सोय आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'मिशन मौसम'मध्ये दोन हजार कोटींची तरतूद आहे आणि त्यातून देशात रडारची संख्या वाढवायची आहे. ती वाढेल तेव्हा वाढेल.

पण राज्यात एक उदाहरण आधीच आहे. २०२१ पासून 'ई-पीक पाहणी'त शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून, शेतात उभं राहून, फोटोसह पिकाची नोंद करतो आणि ती सातबाऱ्यावर जाते. शेतात काय पेरलंय हे सांगायला सरकार शेतकऱ्याच्या मोबाईलवर विश्वास ठेवतं. मग त्याच शेतात काय पडलं, हे त्याच मोबाईलवरून का घेता येऊ नये?

तोपर्यंत गावातला हवामानवेडा काही गोष्टी आजपासून करू शकतो.

पहिली, मापाची. 'बोराएवढी गार' म्हणजे केवढी? गावरान बोर की ॲपल बोर? त्यापेक्षा गारेशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढावा. हे नाणं २७ मिलिमीटरचं असतं. फोटो बघणाऱ्या कुणालाही आकार कळतो.

दुसरी, वेळ आणि ठिकाण. सुरू कधी झाली, थांबली कधी, गाव कोणतं, शिवार कोणतं. सोबत गट नंबर असेल तर उत्तम.

तिसरी, मूळ फोटो जपून ठेवायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती टिकते.

चौथी, जिथे गार पडली नाही तिथलीही नोंद करायची. 'मनाठ्यात फक्त पाऊस, गार नाही' हा मेसेज कुणी फॉरवर्ड करणार नाही. पण गारांच्या पट्ट्याची कड कुठे होती, हे याच मेसेजवरून ठरतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हे सगळं छताखालून करायचं. गार जिथे पडते तिथे वीजही असते. १८८८ च्या एप्रिलमध्ये मुरादाबादजवळ एका गारपिटीत २४६ माणसं गेली होती. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत ती आजही सर्वात जीवघेणी गारपीट आहे. फोटो वादळ सरल्यावर काढला तरी चालतो, पाच-दहा मिनिटं गार वितळत नाही.

हदगावच्या वर पाच किलोमीटरहून अधिक उंचीवरून नागपूरचा किरण जात राहील. त्याच्या खाली काय होतं ते बघायला आज तरी दुसरं यंत्र नाही. तिथे उभा असलेला माणूस मात्र आहे, त्याच्या हातात मोबाईल आहे आणि खिशात दहाचं नाणंही असेल. पुढच्या वेळी 'हे काश्मीर नाही' असं लिहिताना त्याने खाली गावाचं नाव, तारीख आणि वेळ एवढंच लिहिलं, तरी तो व्हिडिओ फक्त व्हायरल होणार नाही, कुणाच्या तरी पंचनाम्याला उपयोगी पडेल.